मोडीतला सातवा महिना: पडलेल्या एका भिंतीचे चार कागद

पाचव्या महिन्यापर्यंत माझी सगळी धडपड मोडीच्या, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीच्या, अक्षरांशी चालली होती. शब्द तोडून न लिहिलेली अखंड ओळ, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यातून वाट काढत रामबागेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या रुमालातले (कापडात बांधलेल्या दप्तरातले) सोपे कागद मी वाचायला लागले. पण वाचून झाल्यावरही हातात काय आहे ते सांगता येत नव्हतं. पत्र, जबानी की नुसती यादी? तेव्हा माझे मामेसासरे, अण्णा, म्हणाले, "सूनबाई, आधी शेवटची ओळ वाच. कागद कुठल्या कुळातला ते तिथे कळतं."

आणि खरंच कळतं. शेवटी 'जाणिजे' असेल तर वरून खाली आलेला हुकूम. 'लोभ असो दीजे हे विनंती' असेल तर बरोबरीच्यांचं पत्र. 'सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना' असेल तर लिहिणारा खाली आणि वाचणारा वर. त्या दिवसापासून मी वाचन थोडं बाजूला ठेवून लिहायला बसले. दर रविवारी एक कागद, बोरूने, जुन्या एका प्रकारात. विषय आपोआप मिळाला. आषाढातल्या पावसात आमची आणि शेजारच्या मास्टरजींची सामाईक भिंत पडली. (ते कपडे शिवतात, सगळी आळी त्यांना मास्टरजीच म्हणते.) एकच घटना, म्हणून चारही कागद शेजारी ठेवून बघता आले.

पहिला कागद रोजकीर्दीचा. त्यात फार शिकण्यासारखं नव्हतं. विटा, वाळू, सिमेंट, गवंड्याची मजुरी, ज्या दिवशीचा खर्च त्या दिवशी. कीर्दीत 'का' या प्रश्नाला जागाच नसते. मात्र पाव, अर्धा आणि पाऊण दाखवणाऱ्या ।, ॥ आणि ॥। या खुणांची सवय इथेच करून घ्या. जुन्या कागदात या उभ्या रेघा दोन कामं करतात. आकड्यापुढे त्या अपूर्णांक असतात आणि अक्षरापुढे संक्षेप. 'प॥' म्हणजे परगणे. महिनाभर मी तिथे कसला तरी अर्धा शोधत होते.

दुसरा कागद पत्राचा, धारच्या आत्येसासूबाईंना. याला तीन रविवार गेले, आणि ते गेले याचं मला समाधान आहे. आपण पत्र म्हणतो तेव्हा मनात मजकूर असतो, पण जुन्या पत्रात आधी नातं ठरतं. 'सौभाग्यवती वज्रचूडेमंडित मातुश्री आत्याबाई यांसी' एवढा मायना लिहिला की पुढच्या प्रत्येक क्रियापदाची उंची ठरून जाते. मग 'साष्टांग नमस्कार विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे'. आणि त्यानंतर तो सुंदर शब्द, 'विशेष'. खरा मजकूर 'विशेष'च्या पुढे सुरू होतो. रुमालातलं पत्र हाती आलं की मी आता आधी 'विशेष' शोधते. तो सापडला की निम्मं पत्र उलगडतं, कारण त्याआधीचं सगळं ठरलेलं असतं.

मग हाच मजकूर तीन पायऱ्यांवर लिहून पाहिला: गवंड्याला 'आज्ञा केली ऐसीजे' म्हणून, मास्टरजींना 'विनंती उपरी' म्हणून, आणि आत्यांना विज्ञापना म्हणून. फक्त आदराचे शब्द बदलतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मजकुराचा क्रमच बदलला. आज्ञेत काम पहिल्या ओळीत आलं आणि कारण गळून पडलं. विज्ञापनेत कारणं आधी, पावसाचं वर्णन मध्ये, आणि मागणं अगदी शेवटी, जवळजवळ न मागितल्यासारखं. हे मी ठरवून केलं नव्हतं. शेवटचा शब्द कोणता येणार हे माहीत असलं की हात तसाच वळतो. तुमच्यापैकी जे फक्त वाचन करतात त्यांनी हा एक सराव तरी नक्की करावा.

तारखेने मात्र मला रडवलं. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तिथी, आणि वर्ष शुहूर सनाचं, म्हणजे मराठी कागदांतल्या जुन्या कालगणनेचं, अरबी अंकशब्दांत. एकक आधी, मग दशक, मग शतक, मग हजार. शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. आमच्या रुमालातल्या कर्जाच्या एका खतावर 'खमस तिसैन मया व अलफ' आहे. खमस ५, तिसैन ९०, मया १००, अलफ १०००. म्हणजे ११९५, म्हणजे इसवी १७९४-९५. अहिल्याबाई ऑगस्ट १७९५ मध्ये गेल्या, तेव्हा शुहूर ११९६ लागलेलं होतं. म्हणजे हे खत लिहिलं गेलं तेव्हा महेश्वरात त्या होत्या. तीसा म्हणजे ९ आणि तिसैन म्हणजे ९०, सबा ७ आणि सबैन ७०. या जोड्या भिंतीवर लावून ठेवा. एका शेपटीच्या फरकाने कागद कित्येक वर्षं सरकतो.

तिसरा करीना. वादात पक्षकार आपली हकीकत मुळापासून सांगतो तो कागद, सुरुवात 'करीना ऐसाजे'. भिंत आषाढात पडली, पण करीन्याला आषाढ पुरत नाही. भिंत कोणी बांधली, जागा कोणाची होती, मधे डागडुजी कोणी केली? मला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून अण्णांकडे दोन संध्याकाळी बसले. मधे एक कडुलिंब होता, तो पडल्यावर दोन्ही घरांनी मिळून भिंत घातली, विटा आमच्या आणि मजुरी त्यांची. घरात कुणी कधी बोललं नव्हतं ते हे. पत्रात हे सगळं एका वाक्यात उरकलं असतं, आणि कीर्दीत तर आलंच नसतं. गोष्ट हाताशी आहे पण तिचं मूळ माहीत नाही, असं वाटेल तेव्हा करीना लिहायला घ्या. तो तुम्हाला माणसांकडे पाठवतो.

चौथा महजर. यात मी पहिल्यांदा अडले, कारण 'मी'च लिहिता येईना. महजर हा सभेचा कागद. माथ्यावर 'हाजिर मजालस' (सभेला हजर) म्हणून जमलेल्यांची नावं, मग वाद, मग ठरलं ते, आणि खाली साक्षी व निशाण्या. पहिल्या खर्ड्यात मी माझी बाजू हळूच जरा वर ठेवली होती. अण्णांनी वाचून परत दिला. "हा करीनाच आहे, वर फक्त नावं चढवली आहेस," म्हणाले. दुसऱ्या खर्ड्यात मास्टरजींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, माझ्याइतकंच लांब लिहिलं. त्यासाठी त्यांच्या दुकानात जाऊन विचारावं लागलं. त्यांच्या मते पावसाआधी आमच्या बाजूचं न्हाणीघराचं पाणी भिंतीच्या पायात मुरत होतं. ते खरं निघालं.

हत्याराविषयी थोडं. एका दुकानातून आणलेले बोरू चिरलेले निघाले, दोन ओळींत शाई फुटली. आता जाड बोरू घेऊन स्वतः तिरका छेद घेते. छेद जेवढा तिरका, तेवढा हात न उचलता वळतो. आधी डोक्यावरची रेघ पूर्ण ओढून घ्या, अक्षरं त्यावर टांगा. संगणकावर मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे आणि वाचनाची टाचणं करायला उपयोगी पडते, पण मायन्यातून 'विशेष'कडे जाताना हाताला जे कळतं ते कळफलकावर कळत नाही.

गेल्या रविवारी महजर शुद्ध करून मास्टरजींपुढे ठेवला, मजकूर हिंदीत वाचून दाखवला. जुन्या महजरांवर पाटलाच्या नावाखाली नांगर असतो, शेट्याच्या (पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या प्रमुखाच्या) खाली तराजू, न्हाव्याच्या खाली आरसा, हेही सांगितलं. त्यांनी पान थोडा वेळ हातात धरलं, पाण्याविषयीची आपली ओळ कुठे आहे ते विचारून बोट ठेवलं, आणि नावाखाली एक कात्री काढली, पाती उघडी असलेली.