अधिक चिन्हाचं वावडं

नागपूरच्या महाल भागात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. जून लागला की प्रवेश, स्कॉलरशिप, दाखले, सगळ्यांची एकदमच झुंबड. आणि फॉर्म कोणताही असो, ईमेलचा रकाना सुटत नाही.

लोक आयडी कागदावर लिहून आणतात. आखलेल्या पानावर अंडरस्कोर लिहिला की तो वहीच्या रेघेतच गडप! परवा एक पोरगी म्हणाली, “ताई, मधात अंडरस्कोर आहे, मंग ॲट जीमेल.” म्हटलं, नाही बाई, मोबाइलात पाहून सांग. साध्या जीमेल आयडीत इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंब, एवढंच चालतं. निघालं टिंबच. जीमेल तर ते टिंबही मोजत नाही. असो-नसो, मेल त्याच इनबॉक्समध्ये. पण फॉर्मच्या वेबसाइटला ते दोन वेगळे आयडी वाटतात. भरताना टिंब दिलं आणि लॉगिनला विसरलं, की बसा बोंबलत.

माझं खरं भांडण मात्र अधिक चिन्हावरून आहे. जीमेलमध्ये आपल्या नावानंतर, ॲटच्या आधी, अधिक आणि एखादा शब्द जोडला, तरी मेल आपल्यालाच येते. मी एका क्लासवाल्यांना ‘+क्लास’ असा (इंग्रजीत) आयडी दिला होता. काही दिवसांनी त्याच आयडीवर कर्जाच्या जाहिराती! पत्ता कोणी विकला, विचारायची गरजच उरली नाही.

ही काही चोरवाट नव्हे. २००८ च्या आरएफसी ५३२२ या ईमेलच्या मानकानुसार ॲटच्या आधी अधिक, हॅश, डॉलर, अगदी उद्गारचिन्हसुद्धा चालतं. तरी कित्येक फॉर्म ‘इनव्हॅलिड ईमेल’ म्हणून लाल होतात. त्याहून वाईट म्हणजे जे आयडी घेतात आणि नंतर तोंडघशी पाडतात. व्हेरिफिकेशनच्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर आलेला अधिक बऱ्याचदा रिकामी जागा म्हणून वाचला जातो. तिथे तो ‘%2B’ असा लिहायचा असतो. प्रोग्रामरने आळस केला की लिंक मेली, आणि गिऱ्हाईक माझ्यावर डाफरतं.

म्हणून दुकानात नवीन आयडी काढून देताना मी नुसती अक्षरं-आकडेच घेते. पोरांचं ॲडमिशन मानकावर वाद घालून होत नाही, राजेहो.

एका काकांनी विचारलं, “मराठीत आयडी भेटते का?” भेटते. ईमेलच्या २०१२ च्या मानकात सोय आहे, ‘.भारत’ डोमेनही आहे. पण फॉर्मसाठी, म्हटलं काका, इंग्रजीच ठेवा; ज्याला साधा अधिक झेपत नाही, तो तुमचा ‘ज्ञ’ कुठून घेईल?