जुनं नाशिक आणि व्हीलचेअर

गोदाघाटावर मावशीची व्हीलचेअर नेताना खरा त्रास चढाचा नसतो, दोन दगडांमधल्या फटीचा असतो, पुढचं छोटं चाक नेमकं तिथेच अडकतं आणि खुर्ची पुढे कलते. "अगं उलटी घे, मोठं चाक आधी," मावशी सांगते, मग खुर्ची निघते.

वास्तू जुनी आहे, काही करता येत नाही, हे मला अजिबात पटत नाही. स्पेनमधलं आविला बघा ना, भोवती साधारण अडीच किलोमीटरची मध्ययुगीन तटबंदी, १९८५ पासून जागतिक वारसा, तरी तटाच्या एका भागावर व्हीलचेअर जाते, आणि अपंगांना सहज वावरता येणाऱ्या शहराला मिळणारा युरोपातला पहिला अ‍ॅक्सेस सिटी पुरस्कार २०११ साठी त्यांनाच मिळाला. इंग्लंडमधल्या चेस्टरला २०१७ चा, तेही तटबंदीचंच शहर.

आता रॅम्पचं प्रमाण १:१२, म्हणजे तीन फूट जोत्याला छत्तीस फूट, सराफ बाजाराकडच्या गल्ल्यांत एवढी जागा कुठून आणणार? तिथे बाजूचं दार, एक-दोन पायऱ्यांना उचलून ठेवता येणारा रॅम्प, घाटावर सपाट दगडांची एक सलग पट्टी, कठडा, एवढं तरी होऊच शकतं. २०२७ च्या कुंभासाठी घाटांचे प्लॅन करताना व्हीलचेअर वापरणाऱ्यांना आधी जागेवर बोलवा, प्लीज.