रुळांच्या सोबतीने लोणंदपर्यंत

माउलींच्या पालखीची वाट जेजुरी सोडल्यावर वाल्हे, नीरा, लोणंद अशी जाते आणि पुणे-मिरज लोहमार्गही हीच गावे घेत, कधी रस्त्याला खेटून तर कधी शेतांपलीकडून, वारकऱ्यांच्या सोबतीने धावत असतो. बहुतेकांचे तिकडे लक्षही नसते. मला मात्र या टप्प्यात गाडीची शिट्टी ऐकू आली की अभंगाचा चरण हातचा सुटतो, कारण माझा भाचा रेल्वेच्या अपघातात गेला.

२२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी वैभववाडीजवळ घसरली. पावसाने डोंगराची कापलेली बाजू ढासळून दगड-माती रुळांवर आली होती. इंजिन आणि पुढचे डबे तिच्यावर आदळले आणि पन्नासच्या वर माणसे दगावली. भाचा पुढच्याच डब्यात होता. आजोळची सुट्टी संपवून तो आमच्याच घरून कॉलेजला परत निघाला होता.

वारीत कुणाला हे कळले, की चांगली माणसेही ‘विठ्ठलाची इच्छा’ म्हणून मोकळी होतात. त्यांच्या मनात काही वाईट नसते, पण मला ते पटत नाही. डोंगर माणसांनी कापला होता आणि कोकणातला पाऊस कुणाला नवा नव्हता. आता त्या मार्गावर पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक असते, गाड्या सावकाश धावतात, गस्त घातली जाते. हे वाचले की ताई एवढेच म्हणते, “आधी सुचायला काय झालं होतं?” तिचा हा प्रश्न मी विठ्ठलाच्या गळ्यात घालणार नाही.

लोणंदच्या मुक्कामी मी समाजआरतीला तळावर उभा होतो. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत गोलाकार उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतो आणि एवढ्या मोठ्या समुदायाचा आवाज एका क्षणात थांबतो. एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, म्हणजे चोपदारांना तिकडे जाऊन विचारपूस करावी लागते. (तक्रार मांडण्याची इतकी शिस्तशीर रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.) मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. त्या दिवशी कुणाचा चष्मा सापडला होता, कुणाची पिशवी. ज्याची वस्तू तो पुढे येई आणि खूण सांगून घेऊन जाई.

भाच्याची सॅकही आम्हाला अशीच खूण सांगून ताब्यात मिळाली होती. चिखलाने ती तिप्पट जड झाली होती. आत आजीने दिलेला खाजाचा स्टीलचा डबा होता; तो चेपून त्याचे झाकण असे घट्ट बसले होते की ते कुणालाच निघाले नाही आणि हत्याराने उघडायला ताईने नकार दिला. तो डबा अजून तिच्या कपाटात तसाच आहे. इतक्या वर्षांत आम्ही भाच्याविषयी जे काही बोललो, ते त्या रात्रीपासून सुरू होऊन त्या डब्यापाशी थांबले. त्याआधीची त्याची एकोणीस वर्षे जणू कुणाच्या खिजगणतीतच नव्हती.

रात्री तंबूत शेजारच्या माउलींनी भाचा कसा होता असे विचारले, तेव्हा अपघाताचा शब्दही न काढता मी सांगू लागलो. गणपतीत आमच्याकडे भजन असे, आणि याला तालाचे अंग अजिबात नसूनही हा हट्टाने झांज घेऊन बुवांच्या अगदी शेजारी बसे. बुवा डोळे वटारत, पखवाजवाला मध्येच हात थांबवी, पण पठ्ठ्याचे आपले चालूच. माउली खदखदून हसल्या आणि पुढे विचारत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ताईला फोन करून हे सांगितले. ती म्हणाली, झांज कुठली, चकी वाजवायचा तो. मी म्हटले, झांजच. चकी त्याच्या हाती द्यायला बुवा काय वेडे होते? त्यावर आमचा बराच वेळ वाद चालला आणि तो अजून मिटलेला नाही.