खंडेनवमीला गाडी चालू पाहिजे

आमच्या घरात नवरात्र जवळ आल्याचं कळायचं ते वासावरनं, आणि तो वास धूप-अगरबत्तीचा नाही, रॉकेलचा. घट बसायच्या पंधरा दिवस आधीपासनं आबा मागच्या पडवीत कार्बेटर खोलून बसायचे, सगळे जेट, फ्लोट, सुई परातीत रॉकेलमध्ये बुडवलेले, आणि परात आईची, कणीक मळायची. आई दरवर्षी एकदा ओरडायची आणि दरवर्षी परात तीच असायची. शेवटी तिनंच नवी परात आणली आणि जुनीवर खिळ्यानं 'गाडी' असं कोरलं.

गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, १९७८ चं मॉडेल. आबांनी सेकंडहँड घेतली तेव्हाच तिचा पत्रा खालून कुरकुरत होता. पण त्या काळात नव्या गाडीचा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची पद्धत होती, त्यामुळे सेकंडहँड मिळाली हेच भाग्य.

आमच्या पेठेतल्या तालमीचं मंडळ. आता कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला तालीम म्हटलं की फक्त लाल माती आणि लंगोट दिसतो, पण इथं तालीम म्हणजे गणपती, फुटबॉल, भांडणं, लग्नाची जुळवाजुळव, सगळंच. तर या मंडळात दरवर्षी खंडेनवमीला गल्लीतली सगळी वाहनं पूजेला लागायची, रिक्षा, सायकली, दुधाच्या कॅनवाल्याची एम८०. एका वर्षी ड्रॉइंगच्या सरांनी त्यांची विलीज जीप आणून लावली, तिचे टायर गुळगुळीत पण बॉनेट आरशासारखं, आणि लोक रिक्षा सोडून तिच्याभोवती उभे राहिले. पुढच्या वर्षी आबांची पद्मिनी, मग कुणाची जावा, कुणाची लॅम्ब्रेटा, आणि पाच-सहा वर्षांत शाहूपुरी, राजारामपुरीतनंही लोक गाड्या घेऊन यायला लागले. निमंत्रण नाही, वर्गणी नाही. फक्त एक नियम, गाडी स्वतःच्या इंजिनावर मैदानात आली पाहिजे. ढकलत आणली तर पूजा होणार पण नारळ शेवटी फुटणार. हा अपमान फार मोठा होता, हसू नका.

म्हणून ते पंधरा दिवस. आबा नोकरीवरनं आले की शर्ट खुंटीला आणि बनियनवर थेट गाडीखाली. मी ग्रीस गन धरायला. पद्मिनीला पुढं किंगपिन असतात, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या खिळी, त्यांना निप्पलमधनं वेळच्या वेळी ग्रीस नाही दिलं की त्या घासतात आणि मग खड्ड्यात कट्ट कट्ट आवाज येतो. आबांना वाटायचं टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपांचे दांडे, वाजतायत. उद्यमनगरातले मिस्त्री मात्र लांबूनच ऐकून सांगायचे, "सायेब, टॅपेट न्हाईत ती, किंगपिन बोलाय लागलीया." मिस्त्रींना गाडी बघावी लागायचीच नाही.

उद्यमनगरबद्दल वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. जुन्या गाडीचा नाद करायचा तर कोल्हापुरात करावा असं माझं ठाम मत आहे, कारण जो पार्ट बाजारात मिळत नाही तो इथं कुणीतरी लेथवर वळून देतो. पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, तिथनं सळ्या खाली गिअरबॉक्सपर्यंत जातात, आणि त्या सळ्यांची बुशं झिजली की गिअर दोन घरांच्या मधेच अडकून बसतो, ना पुढं ना मागं. मग बॉनेट उघडा, हातानं दांडी हलवा, मागचे हॉर्न मारणार. ती बुशं आम्ही पितळेची वळून घेतली, अजून आहेत. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवा असं सगळे म्हणतात ते मला मान्य आहे, पण सिट कव्हर, मॅग व्हील आणि पाठीमागं स्पॉयलर लावून त्याला रिस्टोरेशन म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. एका पेंटरनं आमच्या दरवाज्याच्या गंजावर नुसती लांबी (पुट्टी) भरून वर चकाचक रंग मारून दिला होता, पुढच्या पावसाळ्यात फुगा आला, बोट लावलं तर आत. तेव्हापासनं आबा रंगाआधी पत्रा नखानं टोकरून बघायचे.

खरी मजा मैदानावर. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, हळदी-कुंकवाची बोटं बॉनेटवर, आणि शस्त्र म्हणून गाडीपुढं मांडलेले पाने, जॅक, पक्कड. पूजा दहा मिनिटांत आटपायची, उरलेला वेळ बॉनेट उघडून. राजारामपुरीतले एक काका डुक्कर फियाट आणायचे, १९५० च्या दशकातली, नाकाडावरनं पडलेलं ते नाव, पुढचे दरवाजे उलट्या बाजूला उघडणारे. त्यांच्या शेजारी कुणी गाडी लावायला तयार नसायचं कारण सगळी गर्दी तिकडंच. आबा मग मुद्दाम मोठ्यानं सांगायचे की अहो पद्मिनी पण मूळची फियाटच, इंजिन घराणं एकच, १०८९ सीसी, तुमच्यात काय आणि आमच्यात काय, आणि वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे, त्यांनीच १९४४ ला प्रीमिअर काढली आणि कुर्ल्यात कारखाना टाकला. (आबांचं आजोळ सोलापूर, एवढाच 'आमच्या'चा संबंध.) जावावाला पोरगा प्रत्येक वर्षी नव्या पब्लिकला तीच जादू दाखवायचा, किक मारायची आणि तोच दांडा आत दाबून पुढं पाडला की गिअर. लहान पोरं दरवर्षी तेवढीच चकित.

पूजेनंतर पन्हाळ्याला फेरी. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. वाघबिळाच्या पुढं चढ लागला की पद्मिनी आचके द्यायची आणि गप्प. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला, तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बेटरला काही पोचत नाही. इलाज एकच, ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि झाडाखाली बसायचं. भडंगाचा डबा त्यासाठीच असायचा. एका वर्षी फडकं घरी राहिलं, तर काकूंनी, म्हणजे डुक्कर फियाटवाल्या काकांच्या मिसेसनी, पर्समधला नवाकोरा हातरुमाल भिजवून दिला आणि गाडी चालू झाल्यावर म्हणाल्या, "आता धुऊन द्या हं भावजी." आबांनी धुतला, इस्त्री केला, पण पेट्रोलचा वास काही गेला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी दसरा चौक. सगळे गाडीवाले संध्याकाळी तिथं हजर, पण गाड्या घरी, कारण त्या दिवशी बघायची गाडी एकच. छत्रपतींची मेबॅक. झेपेलिन या फुग्यासारख्या हवाई जहाजांची इंजिनं करणाऱ्या जर्मन कंपनीची गाडी, राजाराम महाराजांच्या काळापासनं कोल्हापुरात, आणि वर्षातनं एकदा सीमोल्लंघनाला रस्त्यावर येते तेव्हा सगळ्या गावानं बघायची. लोक पालख्या बघतात, सोनं लुटायला धावतात, आणि आमचं टोळकं मान तिरकी करून तिचं इंजिन ऐकतंय. आवाज फार येत नाही हो तिचा. मिस्त्री डोळे मिटून उभे असायचे, देवळात असल्यासारखे.

आता नियम आलेत, पन्नास वर्षांच्या पुढची मूळ स्थितीतली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, २०२१ पासनं, नंबरप्लेटवर व्हीए अक्षरं, वीस हजार फी, आणि मग ती रोजच्या वापराला चालवायची नाही. डुक्कर फियाटचा प्रश्नच नाही, पण आमची अजून पन्नाशीत नाही. आबा म्हणायचे हिची पन्नाशी मी करणार, स्वतःची केली नाही तशी, केक आणून.

ते राहिलं. आबा गेले त्या वर्षी मी गाडीला हात लावला नव्हता. खंडेनवमीच्या आदल्या रात्री मिस्त्री आले, त्यांचेही गुडघे गेलेत, खुर्ची मागून घेतली आणि मला एकेक सांगत बसले, पॉइंट घास, गॅप बघ, कंडेन्सर बदल, चोक अर्धाच ओढ. पहाटे दोनला सेल्फ लागला. आई आतनं उठून आली, काही बोलली नाही, चहा ठेवला.

दसऱ्याला चौकातनं परत आल्यावर मिस्त्री आधी आमच्या दारात थांबले. आपट्याचं पान मला देतील म्हणून मी हात पुढं केला, तर ते पुढं जाऊन बॉनेटवर ठेवलं.

"सोनं घे बाई, सोन्यासारखी ऱ्हा." मग माझ्याकडं वळून, "डावं किंगपिन बोलाय लागलंय. दिवाळीच्या आत आण."