आमची वाटचाल : दुरुस्तीच्या टेबलावरून सुरू झालेला धंदा

आम्ही दोघा भावांनी वागळे इस्टेटमध्ये भाड्याचा अर्धा गाळा घेतला तो पॉवर सप्लायच्या दुरुस्तीसाठी. नवीन माल विकायचा विचारही नव्हता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून बंद पडलेले एसएमपीएस (मेनच्या विजेपासून डीसी देणारे स्विचिंग पद्धतीचे सप्लाय) गोणीत भरून यायचे. उघडले की बहुतेकांचं दुखणं एकच, फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. तापमान दहा अंशांनी वाढलं की या कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

दुरुस्त माल न्यायला आलेले लोक विचारू लागले, "आता नवीन कुठला घेऊ?" तिथून पुरवठा सुरू झाला आणि पुढे आम्ही रबाळे एमआयडीसीत आलो.

आजही कोणी फोनवर "२४ व्होल्ट, ५ अँपिअर, भाव सांगा" म्हटलं की आम्ही आधी विचारतो, बसवणार कुठे? पत्र्याच्या शेडमधलं बंद पॅनेल मे महिन्यात आतून ५५-६० अंशांपर्यंत सहज तापतं. सप्लायवर १२० वॅट छापलेले असतात. डेटाशीटमधला डीरेटिंगचा, म्हणजे तापमानाबरोबर वॅट किती घटतात त्याचा, आलेख काढून बघा, अनेक मॉडेलांत ते १२० वॅट ५० अंशांपर्यंतच मिळतात आणि ७० अंशांला निम्मे उरतात. म्हणून ८० वॅटच्या लोडला (सप्लायवर चालणाऱ्या उपकरणाला) आम्ही १२०चा नाही, पुढचा मोठा नग सुचवतो. परचेसवाल्यांना वाटतं, महाग माल गळ्यात मारतायत. त्यांची समजूत काढणं हे आमचं निम्मं काम.

दुसरा प्रश्न, लोड कसला? डीसी मोटर सुरू होताना एरवी चालताना लागणाऱ्या करंटच्या कितीतरी पट ओढते. काही सप्लाय अशा वेळी ओव्हरलोड समजून बंद-चालू, बंद-चालू करत बसतात. मीटरवर सगळं ठीक, आणि मशीन मात्र हलत नाही.

वायरीचं तर कोणी विचारतच नाही. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे १८ मिलिओहम. उपकरण २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, आणि ३ अँपिअरला दोन व्होल्टहून जास्त वाटेतच जातात. २४ व्होल्टच्या सोलेनॉइडचं (व्हॉल्व्ह वगैरे ओढणाऱ्या विद्युतचुंबकाचं) जेमतेम भागतं, १२ व्होल्टवाल्याचं नाही. अशा वेळी वायर जाड घ्यायची किंवा सप्लाय जवळ न्यायचा.

लिनिअर सप्लाय (स्विचिंग नसलेले, जुन्या पद्धतीचे) आता कमी जातात. जड, गरम, पण आउटपुटमध्ये विजेचा गोंगाट (नॉइज) कमी. ऑडिओ आणि नाजूक मोजमापाच्या उपकरणांसाठी मी अजूनही तेच सुचवतो. बाकी सगळीकडे एसएमपीएस पुरतो. रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) जास्त आहे म्हणून माल परत आला, तर आधी मोजताना ऑसिलोस्कोप कसा लावला ते विचारतो. प्रोबची लांब ग्राउंड वायर आजूबाजूचा सगळा गोंगाट पकडते. ती काढून टोकाशी छोटी स्प्रिंग लावली आणि स्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर ठेवली की बऱ्याचदा तक्रार मिटते.

आता गाळ्यात एक रॅक कायम गरम असतो. मोठ्या ऑर्डरचे नग रात्रभर लोडवर चालवल्याशिवाय बाहेर जात नाहीत. मोबाइल चार्जर, एलईडी पट्ट्यांचे अडॅप्टर आम्ही ठेवत नाही. त्यांच्यासाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठा, फक्त अडॅप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघून घ्या.