नायब राज्यपाल निवडून कशा येतात?

सकाळच्या शिफ्टला आमच्या डिजिटल डेस्कवर दोनच माणसं असतात, मी आणि एक ट्रेनी. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे बातम्या लिहिणं. पहाटे मात्र अर्धा जीव पुश नोटिफिकेशनमध्ये जातो, मोबाइलवर न कापता बसेल अशी एक ओळ लिहायची आणि ती शेजारच्या वेबसाइटच्या आधी सोडायची, मग ती बरोबर आहे का हे नंतर बघू.

तारीख 9 नोव्हेंबर 2022. अमेरिकेत मेरीलँडमध्ये रात्री आठला मतदान संपतं तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. निकाल लगेच कळला. वेस मूर गव्हर्नर आणि त्यांच्या जोडीला अरुणा मिलर लेफ्टनंट गव्हर्नर. मूर त्या राज्याचे पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर, पण ते गेले चौथ्या परिच्छेदात, कारण मिलरबाई हैदराबादला जन्मल्या ना! ट्रेनीने हिंदी कॉपीवरून 'हैदराबादची लेक उपराज्यपाल' असं टाकलं होतं. सातव्या वर्षी अमेरिकेत गेलेल्या, तिथे पंचवीस वर्षं वाहतूक इंजिनिअरची नोकरी केलेल्या बाईला 'लेक' म्हणायचं हे मला कधीच पटत नाही, पण क्लिक त्यावरच येतात त्यामुळे ते राहू दिलं. 'उपराज्यपाल' मात्र खोडलं आणि पोराला रुबाबात सांगितलं की हे हिंदी झालं, मराठीत नायब राज्यपाल म्हणतात, दिल्लीच्या बातम्या वाचत नाहीस का. पुश गेला.

नऊच्या सुमारास ऑफिसच्या लँडलाइनवर फोन आला. गोव्यातल्या म्हापशाहून, आवाजावरून सत्तरीचे गृहस्थ. "अहो, नायब राज्यपाल निवडून कशा आल्या? आमच्याकडे 1987 पर्यंत नायब राज्यपालच होते, दिल्लीहून यायचे. त्यांना कोणी मत दिल्याचं मला आठवत नाही." मी म्हटलं, काका, अमेरिकेत तसं असतं. "तसं म्हणजे कसं?" आता आली का पंचाईत. बघून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. नंबर घ्यायचा राहिला.

मग दुपारी शिफ्ट संपल्यावर वाचत बसलो. मेरीलँडमध्ये ही दोघं एकाच मतपत्रिकेवर जोडीने उभी असतात, एका मतात दोघं येतात, आणि तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नरला गव्हर्नर देईल तेवढंच काम. हे पद 1864 च्या राज्यघटनेत आलं, 1867 मध्ये चक्क रद्द झालं, आणि पुढची शंभरेक वर्षं कोणाचं काही अडलं नाही. अडलं कधी, तर तिथले गव्हर्नर स्पायरो अ‍ॅग्न्यू 1969 मध्ये देशाचे उपाध्यक्ष व्हायला निघाले तेव्हा. मागे वारस नाही, मग विधिमंडळाने स्वतःच्याच सभागृहाच्या स्पीकरला, मार्व्हिन मँडेलना गव्हर्नर निवडलं. 1970 मध्ये घटनादुरुस्ती करून पद परत आणलं. गंमत म्हणजे 1977 मध्ये त्याच मँडेलवर खटला चालू असताना लेफ्टनंट गव्हर्नर ब्लेअर ली यांनाच कारभार बघावा लागला!

आणि टेक्सासमध्ये सगळं उलटं. तिथे हे पद वेगळ्या मतांनी निवडतात, तो माणूस सिनेट, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचं वरचं सभागृह, चालवतो, समित्या नेमतो. जॉर्ज बुश रिपब्लिकन गव्हर्नर असताना बॉब बुलक हे डेमोक्रॅट लेफ्टनंट गव्हर्नर होते. नाव एकच, नोकऱ्या दोन.

दुसऱ्या दिवशी मी चीफ सबना, म्हणजे मुख्य उपसंपादकांना, म्हटलं, सर, आपला शब्द चुकलाय. मुळात तिथला गव्हर्नर हा आपला राज्यपालच नाही, निवडून येऊन कारभार करतो म्हणजे तो मुख्यमंत्री झाला. सर हसले, "मग बाईंना उपमुख्यमंत्री लिही, सध्या आपल्याकडे माजी मुख्यमंत्रीच उपमुख्यमंत्री आहेत, लोकांना सवय आहे." पण तेही बसेना. आपला मुख्यमंत्री गेला तर उपमुख्यमंत्री आपोआप खुर्चीत बसत नाही, तिथे बसतो, पदच त्यासाठी. आमच्या डेस्कवर असल्या चर्चेला चहा संपेपर्यंतच आयुष्य असतं. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे कुठला शब्द कसा लिहायचा त्या यादीत, लिहून ठेवू म्हणाले, ती स्टाइलशीट शेवटची कोणी उघडली देवाला माहीत.

मागच्या नोव्हेंबरात, 2025 ला, परत तेच. व्हर्जिनियात गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर, जन्म परत हैदराबाद. इथे तर मतं वेगळी, सिनेटचं अध्यक्षपद, समसमान झाली तर स्वतःचं मत, म्हणजे मिलरबाईंपेक्षा निराळंच काम. मी सरळ 'लेफ्टनंट गव्हर्नर' लिहिलं. बातमी गूगल सर्चमध्ये वर यावी हे बघणारा एसइओवाला पोरगा आला, म्हणाला सर, हा शब्द मराठीत कोणी सर्च करत नाही, 'नायब राज्यपाल' करतात. घड्याळात सात वाजायला आले होते, शेजारच्यांचा पुश येऊन गेलेला. बदलला.

नऊ वाजता लँडलाइन वाजली तेव्हा मी खुर्ची सोडून धावलो. टोनर हवाय का विचारत होते.