दूध गार होईपर्यंत : फसव्या शब्दांची वही, जून ते सप्टेंबर

यंदा शाळा सुरू झाली तेव्हा ठरवलं होतं, वर्गातल्या सुट्या मिनिटांसाठी खेळ जमवायचा माझा छंद एकाच वहीत नीट लिहून ठेवायचा. आमची शाळा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, मराठी माध्यमाची. पहिली ते तिसरी एकाच खोलीत, नलीकलीच्या, म्हणजे खेळत-खेळत शिकायच्या पद्धतीच्या, गटांत बसतात. पावसाळ्यात मुलांना बाहेर सोडता येत नाही. त्यात सकाळचं दूध गार होईपर्यंतची पाच-सात मिनिटं, बिसियूट म्हणजे शाळेतलं दुपारचं गरम जेवण, ते उतरायला उशीर झाला तर दहा आणि शेवटच्या घंटेआधीची दोन-तीन.

जूनमध्ये चिठ्ठ्यांचा डबा केला. चिठ्ठी काढा, अभिनय करा, बाकीच्यांनी ओळखायचं. आठवड्यात बंद केला. डबा काढून मुलांना गोल बसवेपर्यंत दूध गार होऊन पिऊनही व्हायचं. तेव्हापासून माझी अट एकच: हातात काही लागता कामा नये आणि घंटा झाली की जिथं असेल तिथं सोडता आला पाहिजे. जुनी कोडी या अटीत चपखल बसतात. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ म्हटलं की दुसरीतली पोरं ‘चांदण्या, चंद्र!’ म्हणून ओरडतात. पण घरी ऐकलेलं कोडं एकदाच चालतं. दुसऱ्या दिवशी ते शिळं.

खरी वाट सापडली जुलैत, तीही एका मुलीमुळे. तिचा मामा बैलहोंगल बाजूचा. ग्लासातली साय बोटानं बाजूला सारत ती सहज म्हणाली, ‘मामानं यंदा शेतात हत्ती लावलाय.’ आमच्याकडे दांडेलीच्या रानातून हत्ती उतरतात, भात तुडवून जातात. त्यामुळे सगळा वर्ग थबकला. एकानं अगदी काळजीनं विचारलं, ‘मग भात राहिलं काय?’ ती गोंधळली, रडायच्या बेताला आली. मी फळ्यावर कापसाचं बोंड काढलं आणि सांगितलं की कन्नडात कापसाला हत्ति म्हणतात. शेवटची वेलांटी आखूड, एवढाच फरक. लगेच प्रश्न आला, ‘मग खऱ्या हत्तीला काय म्हणायचं, बाई?’ म्हटलं, आने. ‘आजी म्हणते चार आने!’ दूध गार होऊन गेलं, कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याच दिवशी वहीत नवं पान घातलं: फसवे शब्द. कानाला मराठी, अर्थानं कन्नड. आजवर तेवीस जमलेत आणि निम्म्याहून जास्त मुलांनी आणलेत. ज्या घरात आई मराठी आणि आजी कन्नड बोलते त्या घरातली पोरं तर खजिनाच घेऊन येतात. एरवी हीच पोरं ‘कुठली भाषा बोलू’ म्हणून गप्प बसायची. आता सगळ्यात आधी हात त्यांचा वर असतो. मला या छंदातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

ऑगस्टमध्ये शब्दांची कोडी करायला लागलो. साचा ठरलेला: मराठीत असं, कन्नडात तसं, ओळखा. पहिलं दुधावरच केलं: ‘मराठीत सोसायचे, कन्नडात प्यायचं.’ उत्तर हाल. कन्नडात दूध म्हणजे हालु, आणि आमच्याकडे बोलताना शेवटचा उकार बहुतेक गळतोच. शाळांत २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या क्षीर भाग्य योजनेचं दूध येतं, त्यामुळे हा शब्द पोरांच्या रोजच्या कानावरचा. मग ‘मराठीत शिंकतं, कन्नडात मोजतं.’ उत्तर नाक. पुस्तकातलं नाल्कु म्हणजे चार, ते इकडच्या बोलीत नाकु होतं.

कोळीवर मात्र मी अडकले. कन्नडात कोळि म्हणजे कोंबडी. मी कोडं घातलं, ‘मराठीत जाळं विणतो, कन्नडात अंडी घालते.’ तिसरीतल्या एकानं सरळ हरकत घेतली, ‘कोळी पण अंडी घालतंय की, बाई. आमच्या न्हाणीत पांढरी पिशवी हाय.’ बरोबर होतं त्याचं. बदलून ‘कन्नडात खुराड्यात झोपते’ असं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ती पिशवी आठवून आठवून कोळ्याचं चित्र काढलं.

सगळ्यात देखणं कोडं हत्तीचं झालं. त्याच मुलीनं केलं: ‘मराठीत सोंड, कन्नडात बोंड.’ मला चार दिवस बसून सुचलं नसतं.

दोन गोष्टी जपाव्या लागतात. ‘मर’ म्हणजे कन्नडात झाड. पोरं तो एकमेकांवर फेकायला लागली तेव्हा नियम केला, खिडकीतल्या फणसाकडे बोट करूनच म्हणायचा. दुसरं, उच्चारात सूट नाही. हळ्ळि म्हणजे खेडं, तो ‘हल्ली’शी जुळवायचा मोह मला झाला होता, पण ळ आणि ल वेगळे म्हणून मुलांनीच बाद केला.

याच वहीच्या मागच्या पानांवर जुळे शब्द आहेत, दोन्हीकडे अर्थ तोच: तूप-तुप्प, गुंडी, चिल्लर, अक्का, अण्णा. तो खेळ शांत आहे, शेवटच्या दोन मिनिटांसाठी बरा.

दसऱ्याच्या सुट्टीआधी ‘काल’ सोडवायचा आहे. कन्नडात कालु म्हणजे पाय. एकानं सुचवलंय, ‘मराठीत गेला, कन्नडात चालतो.’ वर्गात अजून वाद आहे, गेला तो चालतच गेला ना, म्हणून. निपाणी, चिक्कोडीकडच्या मंडळींच्या वर्गात असा एखादा शब्द कानावर आला तर जरूर पाठवा, कुठल्या गावच्या बोलीतला तेही लिहा.